जर्मनीच्या तबेल्यात वर्किंग स्टुडंट म्हणून जायचंय? आधी लीद उचलायला शिका

२०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घ्यायचा प्रकार) टीमने गोल्ड मारलं, घोडेस्वारीत तब्बल ४१ वर्षांनी, आणि त्या टीममध्ये मुंबईचा हृदय छेडा पण होता, तेव्हापासून रायडिंग करणारं दर दुसरं पोर मला विचारतं की युरोपात जाऊन शिकायचं कसं. घरी पैसे असतील तर प्रश्नच नाही, फी भरा, घोडा लीजवर घ्या, शिका. नसतील तर वर्किंग स्टुडंट, म्हणजे तबेल्यात राबायचं आणि बदल्यात खोली, जेवण आणि ट्रेनिंग. मी फेर्डनजवळच्या एका तबेल्यात तीन वर्षं काढली (फेर्डन म्हणजे हॅनोवेरियन घोड्यांच्या लिलावाचं गाव), त्यावरून लिहितेय.

पहिली गोष्ट, आपल्याकडे क्लबात सईस असतो. खोगीर घातलेला, खरारा केलेला घोडा आपल्या हातात येतो, आपण तासभर बसतो, उतरतो, लगाम सईसच्या हातात आणि आपण घरी. तिकडे तो सईस तुम्ही आहात. म्हणून जायच्या आधी निदान एक महिना तुमच्या क्लबातल्या सईससोबत पहाटे पाचला जाऊन उभे राहा, त्याला मामा म्हणा, चहा पाजा, आणि लीद काढण्यापासून खूर साफ करण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करा. मी हे केलं नव्हतं. रायडिंग बरी होती माझी, पण पहिल्या आठवड्यात ढकलगाडी दोनदा उलटी केली, ती पण भरलेली, अंगणाच्या मधोमध. तिकडे लीदमिश्रित पेंढ्याला मिस्ट म्हणतात आणि काही बिघडलं की तोंडातून पण मिस्ट हाच शब्द निघतो, त्यामुळे त्या दिवशी कोण कशाला काय म्हणत होतं कळेना.

आता व्हिसा, कारण इथेच लोक फसतात. मला एका तबेल्याने बिनधास्त सांगितलेलं की टुरिस्ट व्हिसावर ये, गावात कोण बघतंय. नाही जायचं. शेंगेन टुरिस्ट व्हिसा १८० दिवसात ९० दिवसांचा, त्यावर काम चालत नाही, आणि पकडलं गेलं तर भोगावं तुम्हालाच लागतं. मी शेवटी आउसबिल्डुंगचा (काम करत घ्यायचं व्यवसाय प्रशिक्षण) रस्ता धरला, फेर्डेविर्टिन, म्हणजे घोडे सांभाळण्याचा पेशा करणारी, म्हणून. तीन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, तबेल्यात काम आणि सोबत व्यवसाय शाळा, महिन्याला थोडा पगार पण मिळतो. त्यात पाच शाखा आहेत, ब्रीडिंग, रेसिंग वगैरे, रायडिंग शिकायचं असेल तर क्लासिक रायडिंगचीच शाखा आहे का ते आधी विचारा, नाहीतर तीन वर्षं नुसत्या घोड्या आणि शिंगरं सांभाळाल. जर्मन भाषा साधारण बी-वन (रोजचं बोलणं जमेल अशी मधली) लेव्हलपर्यंत करून जा. नुसत्या व्हिसासाठी नाही, घोडा उधळला की कोणी इंग्लिशमध्ये ओरडत नाही.

कुठल्याही मार्गाने जा, पण चार गोष्टी लेखी घ्या: आठवड्याला किती तास, सुट्टी कुठल्या दिवशी, आठवड्यात किती लेसन आणि ते कोण देणार (हेड ट्रेनर की कालच आलेला असिस्टंट), आणि पडलात तर इन्शुरन्स कोणाचा. माणशी किती घोडे ते पण विचारा. आणि तिथे आधी राहिलेल्या एखाद्या मुलीशी किंवा मुलाशी बोला, मालकासमोर नाही, वेगळं. मालक जर म्हणाला की नंबर नाहीये माझ्याकडे, तर समजून जा.

दिवस सहा-साडेसहाला सुरू होतो, डिसेंबरात तर सूर्य साडेआठला उगवतो त्यामुळे पहिले दोन तास अंधारच. आधी सुका चारा, मग खुराक. पाच-सहाशे किलोच्या घोड्याला दिवसाला दहा-एक किलो सुका चारा लागतो आणि पाणी तीस ते पन्नास लिटर, आणि थंडीत पाण्याचे पाइप गोठले की ते पन्नास लिटर बादलीने कोण आणणार ते सांगायला नको. हातमोजे दोन जोड न्या, एक कायम ओला असतो.

साफसफाई करताना खरं शिक्षण होतं हे मला उशिरा कळलं. आमची सिनियर पेंढा उचलायच्या आधी नुसती दारात उभी राहायची आणि लीदीचे ढीग मोजायची. रात्रीतून नेहमी सात-आठ असतात आणि आज तीनच आहेत, पेंढा एका बाजूला उकरलाय, चारा तसाच पडलाय, की ती लगेच कान लावून पोट ऐकणार, हिरड्या बघणार, थर्मामीटर लावणार (३७.५ ते ३८ च्या आसपास ठीक). घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखी म्हणजे कॉलिक त्याच्या जिवावर बेतू शकतो. तिने एकदा असाच एक घोडा सकाळी पावणेसातला पकडला, तो अजून लोळायलाही लागला नव्हता. डॉक्टर आला तोपर्यंत मी त्याला अंगणात फिरवत होते आणि तो मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता.

घोड्याच्या पायांना गुंडाळायचं बँडेज घरी टेबलाच्या पायावर शिकून जा, खरंच. डाव्या पायाला घड्याळाच्या उलट, उजव्याला घड्याळाप्रमाणे, आतलं पॅड सपाट आणि ताण सगळीकडे सारखा. मी बांधलेली चारही बँडेजेस ट्रेनरने एक शब्द न बोलता सोडली आणि रोल माझ्या हातात दिले. अकरा वेळा.

रात्रीच्या राउंडला प्रत्येक बॉक्सची (घोड्याच्या खोलीची) खालची कडी पण लावायची, वरची लावली म्हणजे झालं असं नाही. माझ्याकडून एक राहिली आणि एक पोनी खुराकाच्या खोलीत घुसला. ओट्सच्या पिंपाचं झाकण घट्ट होतं म्हणून वाचलो, नाहीतर भरमसाट ओट्स खाऊन त्याच्या पोट आणि खूर दोन्हीची वाट लागली असती.

लेसन सुरुवातीला म्हणजे लाँजवर (ट्रेनरच्या हातातल्या लांब दोरीवर), रिकिबी काढून, गोल गोल. दोन महिने तेच. आपल्याकडे मेडल आहे वगैरे सांगू नका, कोणी विचारत नाही. दुसऱ्यांचे लेसन बघायला मात्र कोणी अडवत नाही, झाडू हातात ठेवा आणि मैदानाच्या कडेला काम काढा.

किरकोळ: हेल्मेट आणि बूट इथूनच न्या, बूट घरी वापरून मऊ करून. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच किराणा भरा. जुनी सायकल घ्या, गावात बस दिवसातून मोजक्या. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, अगदी कितीही गोड मालक असला तरी. आणि निघताना त्साउग्निस मागून घ्या, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, त्यात कुठल्या लेव्हलचे घोडे फिरवले ते लिहून घ्या, नाहीतर पुढच्या तबेल्यात परत पहिल्यापासून ढकलगाडी.