ग्रुपवर आरोग्याचा खोटा इशारा आला, तर उत्तर कसं द्यावं?

‘पी-५०० लिहिलेली पॅरासिटामॉलची नवी, पांढरीशुभ्र, चकाकणारी गोळी घेऊ नका. डॉक्टर सांगतात, तिच्यात माचुपो नावाचा जीवघेणा विषाणू आहे. सर्वांना पाठवा, जीव वाचवा.’ सोबत अंगभर पुरळ उठलेल्या माणसाचा फोटो. २०१७ पासून हा मेसेज अधूनमधून उगवतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी तो टाकला, तर काय करायचं?

आधी नीट वाचा. ‘डॉक्टर सांगतात’ म्हणजे कोणते डॉक्टर? कंपनी कुठली, बॅच कुठली, तारीख काय? यातलं काहीच नाही, फक्त घाई आहे. वर दुहेरी बाण दिसत असेल, तर तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, पण तो मुळात कुठून आला हे काकांनाही ठाऊक नाही, एवढं नक्की.

मग शहानिशा. ‘माचुपो पॅरासिटामॉल’ एवढं शोधलं तरी काम होतं. हा विषाणू बोलिव्हियातला, तिथल्या एका जातीच्या उंदरांमुळे पसरणारा. कोरड्या गोळीत असे विषाणू सहसा तग धरत नाहीत. केंद्र सरकारच्या नावाने फिरणारा मेसेज असेल, तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे सरकारच्या नावावरच्या अफवा तपासणारं केंद्राचं अधिकृत पान, बघा.

पहिलं उत्तर ग्रुपवर नको. चाळीस जणांदेखत चूक काढली की काका मेसेज सोडून स्वतःची बाजू लढवायला लागतात, आणि मग दोन दिवस तेच चालतं. त्यांना वेगळं लिहा:

‘काका, गोळीचा मेसेज बघितला. शोधलं तर जुनी अफवा निघाली. तुम्ही घरातल्या गोळ्या फेकल्या नाहीत ना? ग्रुपवरचा मेसेज तुम्हीच काढता का?’

पहिल्या दोन दिवसांत ‘सर्वांसाठी डिलीट’ चालतं. काकांनी काढला तर उत्तमच. नाही काढला, तर ॲडमिनही काढू शकतो.

ग्रुपवर लिहायचंच, तर खरी गोष्ट आधी. ‘पॅरासिटामॉलमध्ये विषाणू नाही. तापाची गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल, तर तेवढ्याच प्रमाणात घ्या.’ बास. तो पुरळवाला फोटो ‘खोटं आहे’ म्हणून परत टाकू नका, लोकांच्या लक्षात फोटोच राहतो. इंग्रजी लिंक आणि दहा मिनिटांचे व्हिडिओ कुणी उघडत नाही.

‘पाठवून ठेवलं, त्यात काय बिघडलं?’ हे ठरलेलं उत्तर येईल. २०२० च्या सुरुवातीला ‘कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो’ असं फिरलं, तेव्हा ब्रॉयलरचे भाव कोसळले आणि महाराष्ट्रातले पोल्ट्रीवाले शेतकरी मोठ्या तोट्यात गेले. तेही मेसेज कुणीतरी काळजीपोटीच पाठवले होते.

औषध बंद करणाऱ्याला फोनच करा. मेसेज वाचून कुणी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी थांबवली असेल, तर टायपिंग पुरत नाही. वाद न घालता एवढंच विचारा, ‘आज सकाळची गोळी घेतलीत का?’ नाही म्हणाले, तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या. माझ्या मते बाकी सगळ्या पायऱ्या मिळून याच्या निम्म्याही मोलाच्या नाहीत.

आणि प्रत्येक इशाऱ्याला अफवा म्हणू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधामुळे लहान मुलं दगावली. तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने काढलेल्या सूचनेत औषधाचं नाव होतं, कोल्ड्रिफ. बॅच होती, एसआर-१३. असा इशारा ग्रुपवर आला, तर आधी प्रशासनाची मूळ सूचना शोधा आणि तीच पुढे पाठवा. मग घरातली बाटली काढून लेबलवरचा बॅच नंबर ताडून बघा. जुळला तर ते औषध कुणालाही देऊ नका, बाटली बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. मुलाला ते आधीच पाजलं असेल आणि लघवी कमी होत असेल, तर थेट दवाखाना गाठा.