काठीची सावली मोजताना या चुका टाळा

सावली सकाळी लांब, दुपारी आखूड आणि संध्याकाळी पुन्हा लांब होते, एवढं कुठलीही काठी दाखवते. गोंधळ सुरू होतो तो पट्टी लावल्यावर. सर्वांत आखूड सावली बाराला मिळत नाही, सावलीच्या टोकाच्या खुणा एका रेषेत येत नाहीत, निघालेली उत्तर दिशा होकायंत्राशी जुळत नाही. यातले काही खरेच मांडणीचे दोष असतात. काही मात्र दोष नसतातच, अपेक्षाच चुकीची असते, आणि त्यापायी बरोबर आलेली नोंद खोडली जाते.

खालचे आकडे आडव्या फळीवर उभी केलेली ३० सेंमी उंचीची काठी आणि २० अंश उत्तर अक्षांश धरून दिले आहेत.

काठी सरळ की टोक महत्त्वाचं?

काठी २ अंश कलली तर डोळ्याला कळतही नाही, पण तिचं टोक १ सेंमी बाजूला गेलेलं असतं. विषुवदिनी, म्हणजे २०-२१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरला, मध्यान्हीची, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतानाची, सावली सुमारे ११ सेंमी असते. त्यात १ सेंमीची चूक म्हणजे फारच झाली. टोक पूर्वेकडे कललं असेल, तर बुडापासून मोजलेली सर्वांत आखूड सावली खऱ्या मध्यान्हाच्या ७-८ मिनिटं आधीच मिळते.

काठी सरळ करत बसण्यापेक्षा टोकावरून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा आणि तो जिथे टेकेल तो बिंदू पक्का करा. सगळी मापं याच बिंदूपासून घ्यायची. सावली पडते ती टोकाची, त्यामुळे टोक कुठे आहे आणि फळीपासून किती उंच आहे एवढंच कळलं तरी पुरतं. काठी थोडी वाकडी असली तरी चालते. बादलीत किंवा कुंडीत काठी रोवून कडेपासून मोजणं ही याच चुकीची दुसरी तऱ्हा.

फळीचा उतार मात्र असा निस्तरता येत नाही. सूर्य क्षितिजापासून ३० अंश उंचीवर असताना सावली ५२ सेंमी हवी. फळी सावलीच्या दिशेने २ अंश उतरती असेल तर ती ५५ सेंमी भरते. लेव्हल बाटली (बुडबुड्याने पातळी दाखवणारी नळी) एकमेकींना काटकोनात दोन्ही दिशांना ठेवून पाहा, आणि प्रत्येक वेळी उलट फिरवूनही पाहा, कारण बाटलीच चुकीची असू शकते. मग फळीच्या कडा जमिनीवर खडूने आखून ठेवा. मधेच कोणी फळी हलवली तर निदान कळेल तरी.

टोक पुसट दिसतं

सूर्य बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीला कड नसते, पट्टा असतो. सूर्य ३० अंशांवर असताना हा पट्टा १ सेंमीच्या वर जातो. बारीक टोकाची सुई वापरली तर गडद भाग आधीच संपतो आणि सावली आखूड मोजली जाते. खूप उंच काठी घेऊन अचूकता वाढेल असं वाटतं. तसं होत नाही, पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावतो.

उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याच्या ५ सेंमी चौकोनाला मधोमध ३ मिमीचं भोक पाडा आणि तो काठीच्या माथ्यावर आडवा असा बसवा की भोक काठीच्या बाहेर येईल. सावलीत उजेडाचा ठिपका पडतो, त्याच्या मध्यावर खूण करा. आता उंची भोकापर्यंतची धरायची आणि ओळंबाही भोकातूनच सोडायचा.

सूर्य फार खाली असताना घाई करू नका. १० अंशांवर सावली उंचीच्या साडेपाच पटींहून लांब असते, म्हणजे फळीबाहेर. उगवल्यानंतर साधारण दोन तासांनी सुरुवात करावी.

मध्यान्ह म्हणजे बारा नव्हे

सर्वाधिक तक्रारी इथल्याच. घड्याळ प्रमाणवेळ दाखवतं, सूर्य स्थानिक वेळ पाळतो. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून पश्चिमेला दर अंशाला मध्यान्ह ४ मिनिटं उशिरा होते. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने सूर्य फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे १४ मिनिटं मागे, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे असतो. ८ अंश पश्चिमेच्या ठिकाणी आखूड सावली फेब्रुवारीत १२:४६ ला आणि नोव्हेंबरमध्ये १२:१६ ला येईल. दोन्ही नोंदी बरोबर.

पण आखूड सावलीचा क्षण थेट पकडायला जाणं हीच मुळात चूक. विषुवदिनी मध्यान्हानंतर १० मिनिटांनी लांबी जेमतेम १ मिमीने वाढते. टोक मात्र बाजूला जवळपास १.४ सेंमी सरकलेलं असतं. पट्टीने हा १ मिमी कोण पकडणार? त्यापेक्षा जुन्या शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीची, पद्धत घ्या. मध्यान्हाच्या दोनेक तास आधी सावलीच्या टोकाची खूण करा, ओळंब्याच्या बिंदूभोवती त्या खुणेतून जाणारं वर्तुळ काढा आणि दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तेव्हा दुसरी खूण करा. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिच्यावरचा लंब उत्तर-दक्षिण, आणि दोन वेळांच्या मधोमध मध्यान्ह. ढग आडवे आले तर वाया जाऊ नये म्हणून तीन वर्तुळं काढून ठेवा.

ज्या नोंदी उगाच खोडल्या जातात

खुणांची रेषा फक्त विषुवदिनाच्या आसपास सरळ असते, एरवी ती वक्रच येणार. सावली तासाला १५ अंश फिरते हेही उभ्या काठीला लागू नाही: विषुवदिनी मध्यान्हानंतरच्या पहिल्या तासात ती ३८ अंश फिरते, चौथ्या ते पाचव्या तासात फक्त ६. म्हणून उभ्या काठीभोवती समान अंतरावर तास आखलेलं घड्याळ चालत नाही. सावलीच्या घड्याळासाठी काठी आडव्या फळीशी अक्षांशाइतका कोन करेल अशी उत्तरेकडे कलवावी लागते, आणि तरीही तासांच्या रेषा समान अंतरावर येत नाहीत.

मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडली तर दचकू नका. २० अंशांवर साधारण २० मे ते २३ जुलै सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जातो, आणि या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक शून्य सावलीचा दिवस येतो. २१ जूनला सावली दक्षिणेकडे २ सेंमीच्या आतच असते. २२ डिसेंबरला उत्तरेकडे २८ सेंमी.

होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि ती खऱ्या उत्तरेपासून काही अंश दूर असू शकते, तेव्हा थोडा फरक राहिला तर सावलीवर विश्वास ठेवा. काठी लोखंडी सळई असेल, तर होकायंत्र किंवा मोबाइल तिच्यापासून दोन मीटर लांब नेऊन पुन्हा पाहा.