पगार दीडपट झाला, तर शिल्लक किती? शहर बदलण्याआधीचा हिशोब

मोठ्या शहरातल्या नोकरीची ऑफर येते आणि आकडा बघून घरात आनंद होतो. त्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "तिथे सगळा पगार घरभाड्यातच जातो." दोघंही बरोबर असू शकतात, कारण उत्तर शहरापेक्षा तुमच्या घरखर्चाच्या ठेवणीवर ठरतं. पुढचा हिशोब दोन-तीन तासांत होतो. त्यासाठी गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सध्याची पगारपत्रिका, ऑफरचा पूर्ण तपशील आणि एक कोरी स्प्रेडशीट लागते.

आधी हातात येणारा पगार

दोन्ही पगार हातात येणाऱ्या मासिक रकमेवर आणा. एकूण पगाराची तुलना इथे निरुपयोगी आहे. चढत्या टप्प्यांनी आयकर लागत असेल, तर वाढीव पगार सगळा वरच्या टप्प्यात पडतो. समजा सध्याचा एकूण पगार १२० आणि कर २०, म्हणजे हातात १००. नवा पगार १९२, आणि वाढलेल्या ७२ वर ३० टक्के कर. हातात येतात साधारण १५०. कागदावर ६० टक्के वाढ, खिशात ५० टक्के.

कामगिरीवर ठरणारा बोनस मासिक हिशोबात शून्य धरा. मिळाला तर उत्तम, पण घरभाडं त्याच्या भरवशावर ठरवू नका. रुजू होताना मिळणारी एकरकमी रक्कम पगारात न मिसळता पुढे येणाऱ्या एकदाच्या खर्चातून वजा करा. निवृत्ती निधीसाठी कापली जाणारी रक्कम हा खर्च नाही, ती बचत आहे. दोन्ही नोकऱ्यांत ती किती कापली जाते आणि मालक त्यात किती भर घालतो, हे वेगळ्या ओळीत लिहा. नाहीतर जास्त कपात करणारी चांगली नोकरी उगाच कमी पगाराची दिसते.

सगळे खर्च सारखे महाग होत नाहीत

शहरातली महागाई मुख्यतः जमिनीची असते. जमीन एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येत नाही, म्हणून घरभाड्यातला फरक सगळ्यात मोठा असतो. त्याखालोखाल माणसाच्या श्रमावर चालणाऱ्या सेवा येतात: केस कापणं, दुरुस्ती, पाळणाघर, शाळा, बाहेरचं जेवण. ती सेवा देणाऱ्यालाही त्याच शहरात भाडं भरायचं असतं आणि दुकानाच्या जागेचं भाडंही दरात उतरतं. फोन, लॅपटॉप, कपडे, औषधं, ऑनलाइन वर्गणी हे मात्र जवळपास सगळीकडे एकाच भावात मिळतं. किराणा या दोन टोकांच्या मधे पडतो.

म्हणून खर्च या तीन गटांत लावा आणि प्रत्येक ओळीला स्वतंत्र गुणक द्या. रकमांऐवजी भाग धरू. मुलं असलेल्या एका कुटुंबाचा सध्याचा हातातला पगार १०० भाग, नवा १५०:

- घर: २० → ५०
- किराणा: २० → २३
- शिक्षण आणि मुलांची देखभाल: १० → १७
- इतर स्थानिक सेवा, बाहेरचं जेवण: १० → १६
- प्रवास: ५ → ८
- वीज, पाणी, इंटरनेट: ५ → ६
- सगळीकडे एकाच भावाच्या वस्तू: १० → १०

सध्याचा खर्च ८०, नवा १३०. शिल्लक दोन्हीकडे २०. दीडपट पगार घेऊन हे कुटुंब होतं तिथेच राहिलं. खर्च ५० भागांनी वाढला आणि त्यातले ३० एकट्या घराचे आहेत. त्यामुळे वेळ कमी असेल तर किराण्याच्या भावांवर डोकं शिणवू नका, सगळा वेळ भाड्याचा खरा आकडा काढण्यात घाला.

भाड्याचा खरा आकडा कसा काढायचा

सुरुवात कार्यालयाच्या पत्त्यापासून करा. कामाच्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, नकाशाच्या ॲपवर बघा की किती अंतरावरून ४५ मिनिटांत पोहोचता येतं. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पाहिलेला वेळ फसवा असतो. त्या पट्ट्यातल्या, तुमच्या गरजेएवढ्या घरांच्या किमान १२ ते १५ जाहिराती नोंदवा आणि भाडं चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या जाहिरातीमागे बहुधा काहीतरी कारण असतं: ओल, पाण्याची टंचाई, किंवा घर आधीच गेलेलं आणि जाहिरात फक्त फोन यावेत म्हणून ठेवलेली.

प्रत्येक घरासाठी तीन गोष्टी विचारा. देखभाल शुल्क भाड्यात धरलंय की वेगळं? गाडी लावायला जागा आहे का, आणि तिचे पैसे वेगळे का? जाहिरातीतलं क्षेत्रफळ प्रत्यक्ष वापरायच्या जागेचं आहे की भिंती आणि जिन्यासकट?

मग घराची ओळ दोनदा लिहा: एकदा आत्ताएवढंच घर धरून, एकदा प्रत्यक्षात घ्याल ते घर धरून. अनेक जण तीन खोल्यांतून दोन खोल्यांत जातात आणि खर्च फारसा वाढला नाही म्हणून समाधान मानतात. गेलेली एक खोली हीसुद्धा दिलेली किंमत आहे. तिची तक्रार नसेल तर ती बचत, असेल तर छुपी पगारकपात.

निर्देशांकाने गुणू नका

शहरांची तुलना करणारे राहणीमान खर्चाचे निर्देशांक सगळीकडे मिळतात. नेहमीचा उपयोग असा: नवं शहर ६२.५ टक्क्यांनी महाग, म्हणून पगारही १.६२५ पट हवा. वरच्या उदाहरणात खर्च नेमका तेवढाच वाढला आहे, ८० वरून १३०. निर्देशांकाप्रमाणे १६२.५ पगार मागायला हवा. पण तेवढ्या पगारात शिल्लक ३२.५ राहील. २० शिल्लक टिकवायला १५० पुरतात.

हा फरक येतो कारण निर्देशांकाने गुणताना बचतही त्याच शहरात खर्च होणार असं धरलं जातं. तुमची शिल्लक कुठे खर्च होणार आहे? पैसे गावी पाठवायचे असतील, स्वस्त ठिकाणी घर बांधायचं असेल, कर्ज फेडायचं असेल किंवा काही वर्षांनी परतायचं असेल, तर उरलेल्या प्रत्येक भागाची किंमत तिथल्या भावाने ठरते आणि महागड्या शहरातली शिल्लक पूर्ण मोलाची असते. त्याच शहरात घर विकत घेऊन कायमचं राहायचं असेल, तर मात्र शिल्लकही तिथल्या जमिनीच्या भावाने मोजावी लागते आणि १६२.५ सुद्धा कमी पडू शकतात. दुसऱ्या देशातल्या ऑफरलाही हेच लागू: पाठवायची रक्कम विनिमय दराने मोजा, तिथे खर्च होणारी रक्कम तिथल्या भावाने.

निर्देशांकाची दुसरी अडचण म्हणजे तो सरासरी कुटुंबाची टोपली धरतो, म्हणजे कशावर किती वाटा खर्च होतो ती मांडणी. उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं. तुमच्या टोपलीतले वाटे सरासरीपेक्षा वेगळे असतील तर निर्देशांकाचं उत्तरही तुमचं नाही.

तीच ऑफर, तेच शहर, वेगळं उत्तर

आता एकटा राहणारा माणूस घ्या. खोली वाटून घेतो, मुलं नाहीत. घर १५ → ३०, किराणा १२ → १४, प्रवास ५ → ८, वीज वगैरे ३ → ४, एकाच भावाच्या वस्तू १० → १०, सेवा १० → १६. एकूण ५५ वरून ८२. शिल्लक ४५ वरून ६८, म्हणजे दरमहा २३ भागांचा निव्वळ फायदा. पगार कुटुंबाएवढाच, पण याला जमीन कमी लागते.

उलट टोकाला स्वतःच्या घरात राहणारं कुटुंब. घरावर भाडं नाही, फक्त देखभालीचे २ जातात. सध्याचा खर्च ६२, शिल्लक ३८. शहरात गेल्यावर शिल्लक २०. दीडपट पगारावर दरमहा १८ भागांचा तोटा. मागे राहिलेलं घर भाड्याने देऊन कर आणि देखभाल वजा जाता १५ मिळाले, तरी शिल्लक ३५, म्हणजे अजून ३ कमीच. बिनभाड्याचं घर हे न दिसणारं उत्पन्न आहे, आणि ऑफर तोलताना सगळ्यात जास्त तेच विसरलं जातं. आजी-आजोबा मुलांना सांभाळत असतील तर तोही पगारच समजा आणि पाळणाघराच्या दराने लिहून टाका.

जोडीदाराची कमाई असेल तर स्तंभ एका पगाराचा ठेवू नका, दोघांचा धरा. जोडीदाराला नवं काम मिळायला सहा महिने लागणार असतील, तर ते सहा महिने एकदाच्या खर्चात घाला.

वेळेचा हिशोब

सध्या रोज जाऊन-येऊन ४० मिनिटं, नव्या ठिकाणी २ तास २० मिनिटं धरा. महिन्याचे २२ दिवस कामाचे धरले तर ३६ तास ४० मिनिटं जास्त जातात, म्हणजे साडेचार कामाच्या दिवसांएवढा वेळ. रोज ८ तास काम धरून, प्रवासासकट दर तासाची कमाई काढली तर ५० टक्क्यांची वाढ २६ टक्क्यांवर येते, तीही महागाई धरण्याआधी. घरून काम करायची मुभा असेल तर आठवड्यातले किती दिवस हे लेखी घ्या. तोंडी सांगितलेली सवलत साहेब बदलले की जाते.

किमान किती पगार मागायचा

सूत्र सोपं आहे: नवा मासिक खर्च + सध्याची शिल्लक + एकदाच्या खर्चाचा मासिक हप्ता.

एकदाच्या खर्चात सामान हलवणं, दलाली, दोन्हीकडचं भाडं एकत्र भरावं लागेल ते दिवस, शाळाप्रवेश, नव्याने घ्याव्या लागणाऱ्या वस्तू हे सगळं येतं. अनामत रक्कम इथे धरू नका. ती परत मिळते, पण सुरुवातीला रोख लागते, तेव्हा तिची तरतूद वेगळी ठेवा. कुटुंबाचा हा खर्च ९० भाग आणि किमान मुक्काम ३ वर्षं धरला, तर हप्ता २.५. म्हणजे बरोबरीचा पगार १५२.५, तोही हातात येणारा. करगणक उलटा चालवून त्यावरून एकूण पगार काढा आणि वाटाघाटीत तो आकडा मनात ठेवा. हातात १६० मिळाले तर दरमहा १० जास्त उरतील आणि ९० चा खर्च ९ महिन्यांत भरून निघेल. त्याआधी नोकरी सुटली तर तोटा. कंपनीने स्थलांतराचा खर्च दिला तर हा हप्ता नाहीसा होतो. बऱ्याचदा पगार वाढवण्यापेक्षा ही एकरकमी मदत कंपनीला जड जात नाही, म्हणून ती आधी मागा.

बरोबरीचा सौदाही कधी घ्यावा

सरासरी माणसाचं उत्तर बरोबरीच्या आसपास येतं यात नवल नाही. एखाद्या शहरात खर्च जाऊन स्पष्ट फायदा उरत असेल तर लोक तिकडे येतात आणि भाडी वाढून तो फायदा खातात. अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा हाच आहे. शहरात राहण्याचा आनंद किंवा त्रास हाही त्या सौद्यात मोजला जातो.

पण हे चित्र एका क्षणाचं आहे. एडवर्ड ग्लेझर आणि डेव्हिड मारे यांचा २००१ चा अमेरिकेतला अभ्यास, तसंच होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांचा २०१७ चा स्पेनमधला अभ्यास एक महत्त्वाची गोष्ट सांगतात: मोठ्या शहरात काम करताना पगार वर्षांगणिक जास्त वेगाने वाढतो आणि शहर सोडल्यावरही त्या अनुभवाची किंमत बऱ्याच अंशी सोबत येते. म्हणून करिअरच्या सुरुवातीला बरोबरीची ऑफरही घेण्याजोगी असते. कामात पुढे शिकण्यासारखं फारसं उरलं नसेल, किंवा ते कुठूनही करता येत असेल, तर हा युक्तिवाद लागू होत नाही.

यासाठी स्प्रेडशीटमध्ये तिसऱ्या वर्षाचा एक स्तंभ जोडा. भाडं ५० भाग असताना ते वर्षाला १० टक्क्यांनी वाढलं तर ५ भाग जातात. म्हणजे १५० च्या पगारात ३.३ टक्के वाढ केवळ भाडं भरायला लागते, आणि शाळेची फी त्याच काळात स्वस्थ बसलेली नसते. करारात वार्षिक भाडेवाढ किती आणि मुदत संपल्यावर काय, हे सही करण्याआधी वाचा. सगळा हिशोब एकदा भाडं १५ टक्क्यांनी वाढवून पुन्हा चालवा. ५० चे ५७.५ झाले की वरच्या कुटुंबाची शिल्लक २० वरून १२.५ वर येते. तेवढ्यात त्यांचे कर्जाचे हप्ते आणि विमा भागत नसेल, तर ऑफर अजून कच्ची आहे.