पूल टेस्टिंग करताय? या चुका टाळा

पाच जणांचे स्वॅब एकत्र करून कोरोनाची एकच आरटीपीसीआर (विषाणू शोधणारी टेस्ट) लावायची, हे पूल टेस्टिंग. निगेटिव्ह आली तर पाचही मोकळे, पॉझिटिव्ह आली तर पाचांची वेगवेगळी तपासणी. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीत सिफिलिस शोधायला ही युक्ती मांडली. ऐकायला सोपी, त्यामुळेच आपल्याकडे घोळ होतात.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे नमुने कुणाचे आहेत हे न बघता पूल लावणं. हिशेब करून बघा. शंभर माणसं, पाच-पाचचे वीस पूल. शंभरात एकच बाधित असेल तर सरासरी २५ टेस्टमध्ये भागतं. दहा असतील तर ६१ लागतात. तीस असतील तर १०३! किट जास्त गेली आणि रिपोर्टलाही उशीर झाला. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बाधितांचं प्रमाण २ टक्क्यांखाली असेल तिथे पूल सुचवला होता, तोही पाचांपर्यंतच; ५ टक्क्यांवर नकोच म्हटलं होतं. त्याच सुमारास मालेगावात रुग्ण भराभर वाढत होते. अशा भागातले नमुने आणि नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यातल्या धडधाकट कामगारांचे नमुने एकाच रॅकमध्ये आले, तर आधी वेगळे करा. ताप-खोकला असलेल्याची टेस्ट एकट्याचीच.

दुसरं, पाचांत मिसळलं की विषाणू पाचपट विरळ होतो आणि सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसेपर्यंत मशीनला लागणारी चक्रं; विषाणू कमी तितकी ती जास्त) साधारण २.३ ने वर सरकते. एकट्याची ३६ येणारी पूलमध्ये ३८ पार करते, कटऑफवर (पॉझिटिव्ह धरायच्या मर्यादेवर) हुकते. म्हणून 'दहाचा पूल करू, अजून वाचतील' हा मोह नको.

इंटर्नल कंट्रोलवर (स्वॅबमध्ये माणसाच्या पेशी आल्यात का हे दाखवणाऱ्या चाचणीवर) तर पूलमध्ये फारसा विसंबूच नका. एकाचा स्वॅब नाकाच्या टोकावरूनच फिरवलेला असला, तरी बाकी चौघांच्या पेशींमुळे कंट्रोल झकास येतो. वाईट स्वॅब झाकला जातो. स्वॅब घेणाऱ्यालाच नीट शिकवा, दुसरा इलाज नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका शिबिरातून आइसबॉक्स आला, बर्फाचं पाणी झालेलं, आणि तीन ट्यूबवरचं मार्करचं लिखाण पुसलेलं. नेमका तोच पूल पॉझिटिव्ह निघाला. तिघांना पुन्हा बोलवावं लागलं. एक बाई द्राक्षाची छाटणी सोडून निफाडहून आल्या, त्यांचा रोज बुडाला. तेव्हापासून मी छापील स्टिकर लावतो आणि पूलचा नकाशा (कोणती ट्यूब कोणत्या पूलमध्ये) पिपेट हातात घेण्याआधी लिहितो. मूळ ट्यूबमध्ये पुन्हा तपासायला पुरेल इतकं व्हीटीएमही (स्वॅब ज्यात ठेवतात ते द्रव) ठेवतो.

पूल पॉझिटिव्ह आणि पाचही जण निगेटिव्ह, असं झालं तर? लगेच निगेटिव्ह रिपोर्ट देऊ नका. सुट्या नमुन्यात विषाणू विरळ नसतो, त्यामुळे खऱ्या बाधिताची सीटी पूलपेक्षा कमीच यायला हवी. तसं होत नसेल तर ट्यूबची अदलाबदल किंवा कंटॅमिनेशन (दुसऱ्या नमुन्यातला विषाणू मिसळणं) झालंय का ते बघा. निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम लावलेला विषाणू नसलेला नमुना) तपासा, आणि मूळ ट्यूबमधून एक्स्ट्रॅक्शनपासून (नमुन्यातून आरएनए वेगळा काढण्यापासून) पुन्हा सुरू करा.