बीटा सिस्टिम टाकताय? या चुका टाळा

‘बीटा टाकली आणि लॅपटॉप बसला’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. बीटा म्हणजे विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्सची, पक्की होण्याआधी चाचणीसाठी दिलेली आवृत्ती. थोडं खोदून विचारलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक तर फाइल भलत्याच ठिकाणाहून आणलेली असते, नाहीतर जुन्या सिस्टिमवर परत कसं यायचं हे आधी कोणी बघितलेलंच नसतं. बीटामध्ये बग, म्हणजे चुका, असणारच. ते सापडावेत म्हणून तर ती लोकांच्या हाती देतात. पण फोटो गेले, पासवर्ड चोरीला गेले, ऐन कामाच्या दिवशी मशीन उघडेना, यात बगचा वाटा कमी आणि घाईचा जास्त असतो.

फाइल ‘कोणीतरी दिली’

नागपुरात बर्डीच्या बाजारात पेनड्राइव्हवर सिस्टिम भरून मिळते, टेलिग्रामवर लिंक मिळते, आणि हॉस्टेलात तर एकाने उतरवलेली आयएसओ (सिस्टिम टाकायची अख्खी फाइल) अख्ख्या मजल्यावर फिरते. त्यातही ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेलं’, ‘हलकं केलेलं’, ‘गेमिंगसाठी खास’ अशा आवृत्त्यांना भाव जास्त. त्या आयएसओतून कोणी काय काढलं आणि आत काय घातलं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. हलकं करण्याच्या नावाखाली डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) आणि अपडेट हीच दोन कामाची माणसं आधी हाकललेली असतात. ‘अँटिव्हायरस बंद करून मग ही फाइल चालवा’ अशी सूचना दिसली की तिथेच थांबा.

गंमत म्हणजे बीटा मुळात फुकट मिळते, तीही घरबसल्या. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा इनसायडर प्रोग्राम २०१४ पासून सुरू आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात विंडोज इनसायडर प्रोग्राम, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी. मशीनवरचं विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं हवं आणि डायग्नोस्टिक डेटाची ऐच्छिक परवानगी चालू हवी. ती परवानगी द्यायची नसेल तर बीटाचा नाद सोडलेला बरा. आयएसओच हवी असेल तर तीही मायक्रोसॉफ्टच्या इनसायडर पानावर मिळते. तिची लिंक २४ तासच चालते, त्यामुळे ग्रुपवर महिनाभर फिरणारी ‘ओरिजिनल लिंक’ ओरिजिनल नाही हे तिथेच ओळखावं.

मॅकवाल्यांची एक जुनी सवय अजून गेलेली नाही. पूर्वी बीटासाठी एक प्रोफाइल (सेटिंगची छोटी फाइल) उतरवून बसवावी लागायची आणि अशा प्रोफाइल वाटणारी ठिकाणं बरीच होती. मॅकओएस १३.४ पासून ती भानगड संपली. सॉफ्टवेअर अपडेटमध्येच बीटा अपडेट्सचा पर्याय असतो आणि तो तुमच्या ॲपल खात्याशी जोडलेला असतो. २०२३ पासून तर डेव्हलपर बीटालाही पैसे पडत नाहीत. तरी कोणी प्रोफाइल देऊ केली तर नको म्हणा.

चेकसम न तपासणं

चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. फाइल जराही बदलली की तो बदलतो. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आयएसओ पाच-सहा जीबीची असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये, ती तीन-चार तुकड्यांत उतरते. मध्येच लाइट गेली की राउटर बंद, डाउनलोड अर्धवट, पुन्हा सुरू. अशी फाइल नावाने आणि आकाराने ठीक दिसते, पेनड्राइव्हवरही जाते, आणि इन्स्टॉलेशनच्या मध्यावर ‘फाइल वाचता येत नाही’ म्हणून बसते. मग लोक रॅम बदलतात, एसएसडीला शिव्या देतात. चेकसम जुळवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ आकडा काढता येतो. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आहे, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. तो आकडा अधिकृत पानावरच्या आकड्याशी जुळवायचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून ‘जुळलं’ म्हणू नका. एका फाइलमध्ये दोन्ही आकडे एकाखाली एक चिकटवा, फरक लगेच दिसतो.

दुसरा धोका फाइल मुद्दाम बदललेली असण्याचा. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडून डाउनलोडच्या लिंक बदलल्या गेल्या. त्या दिवशी मिंट १७.३ ची सिनॅमन आवृत्ती तिथून उतरवणाऱ्यांना मागचं दार (चोरट्याला गुपचूप आत येऊ देणारी वाट) उघडं असलेली आयएसओ मिळाली. लोक अधिकृत पानावरच गेले होते, बरं का. अशा वेळी त्याच पानावरचा आकडाही बदललेला असू शकतो. म्हणून उबुंटू, डेबियन, फेडोरा ही मंडळी चेकसमच्या फाइलवर जीपीजी सही करतात, म्हणजे दुसऱ्याला खोटी करता न येणारी डिजिटल सही. ती सही तपासायला पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतर दोन आज्ञांचं काम.

आणि सगळं जुळलं तरी बीटा ती बीटाच. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने लिनक्समधल्या एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत (फाइल आवळणाऱ्या तयार कोडमध्ये) लपवलेलं मागचं दार उघडकीस आणलं. एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता, तेवढ्यावरून तो मागे लागला. त्या वेळी ही बाधित आवृत्ती बहुतेक चाचणीच्या शाखांतच पोहोचली होती: डेबियन टेस्टिंग, फेडोरा रॉहाइड, ओपनसुसे टम्बलवीड. खबरदारी म्हणून उबुंटू २४.०४ ची बीटा ४ एप्रिलऐवजी ११ एप्रिलला आली. स्थिर आवृत्ती वापरणारे बहुतेक जण वाचले, नवं-नवं घेणारे पुढे सापडले. तेव्हा बीटावर बँकेचं काम करू नका, आणि बीटाचे अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका.

आत जायचा चॅनेल बघितला, बाहेर यायचा नाही

विंडोजमध्ये कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रीव्ह्यू असे चॅनेल आहेत. कॅनरी सगळ्यात कच्चा, रिलीज प्रीव्ह्यू जवळजवळ पक्का. हौसेपोटी लोक कॅनरी निवडतात. तिथून खाली उतरायचं तर डिस्क साफ करून नव्याने विंडोज टाकावं लागतं, दुसरा रस्ता नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याने रिलीज प्रीव्ह्यू घ्यावा, फार तर बीटा. त्यात ‘पुढची आवृत्ती आली की या मशीनची नोंदणी काढा’ असा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करा.

मागे फिरायला विंडोज साधारण १० दिवस देतं. रिकव्हरीत गेलं की ‘गो बॅक’ दिसतं. पण हे सगळं जुनं विंडोज जपून ठेवणाऱ्या विंडोज-ओल्ड नावाच्या फोल्डरच्या भरवशावर चालतं. सी ड्राइव्ह भरली म्हणून कोणी डिस्क क्लीनअप मारला आणि त्यात जुन्या इन्स्टॉलेशनवर टिक केली, की गो बॅक गायब. ज्याला वेळ हवा त्याने डिझम या आज्ञेने ही मुदत आधीच ६० दिवसांपर्यंत वाढवून ठेवावी. मुदत उलटल्यावर वाढवून उपयोग नाही.

बीटाला स्वतःचीही एक्स्पायरी असते. विनव्हर ही आज्ञा चालवली की तारीख दिसते. ती उलटली की आधी सूचना येतात, मग मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागतं, शेवटी बूट होणंच थांबतं. ॲपलने सप्टेंबर २००० मध्ये मॅक ओएस टेनची पब्लिक बीटा २९.९५ डॉलरला विकली होती. पैसे मोजूनही ती मे २००१ मध्ये बंद पडली!

मॅकवर परतीची वाट आणखी अरुंद. नव्या मॅकओएसमध्ये फोटोज लायब्ररी एकदा उघडली की ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून टाइम मशीनचा बॅकअप बीटाच्या आधीचा हवा, आणि तो घेतल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवायची. ती जोडलेलीच राहिली तर बीटा तिच्यावर आपले बॅकअप चढवत बसते. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे डिस्क युटिलिटीत वेगळा एपीएफएस व्हॉल्यूम (डिस्कचा स्वतंत्र भाग) करून बीटा त्यावर टाकणं. तरी आयक्लाउड दोन्हीकडे एकच असतं, हे ध्यानात असू द्या.

डी ड्राइव्हवरचा ‘बॅकअप’

त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर केलेली कॉपी हा बॅकअप नव्हे. इन्स्टॉलरमध्ये चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं की सी-डी दोन्ही गेले. क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर हाही पुरता बॅकअप नाही, कारण इकडे पुसलं की तिकडूनही पुसलं जातं. बाहेरची हार्डडिस्क घ्या, आणि तिच्यातली दोन-चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

पक्की आवृत्ती असली म्हणून निर्धास्त राहू नये, हे २०१८ मध्ये दिसलं. विंडोज १० चं ऑक्टोबरचं १८०९ अपडेट काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरातल्या फाइल पुसून टाकत होतं आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. काही इनसायडरनी हे आधीच कळवलं होतं, पण तक्रारींच्या ढिगात ते दबून राहिलं.

४८ आकडी किल्ली

अपडेटनंतर मशीन सुरू होतं आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मागतं. ‘भाऊ, मी तं कोणतीच किल्ली लावली नाही,’ हे एका काकांचं वाक्य अगदी खरं होतं. त्यांनी लावलेली नव्हती. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि ४८ आकड्यांची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. अडचण पुढे होती. खातं दुकानातल्या पोराने लॅपटॉप सुरू करून देताना घाईत उघडलं होतं, कुठल्या मेलवर ते कोणालाच आठवेना. अशा वेळी किल्ली नाही तर डेटा नाही, कोणताही कारागीर तो काढून देऊ शकत नाही. म्हणून बीटाच्या आधी लॅपटॉपवरचं खातं कोणतं ते बघा, त्यात लॉगिन करून किल्ली शोधा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करू नका, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

कमाईचं मशीन

ॲपलची पब्लिक बीटा साधारण जुलैत येते आणि आयकर रिटर्नची धांदलही बहुधा जुलैतच असते. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचा टोकन असतो, डीटीपीवाल्याकडे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, कुठे जुना बारकोड प्रिंटर. या सगळ्यांचे ड्रायव्हर पक्क्या सिस्टिमसाठी लिहिलेले असतात. बीटात ते चालले नाहीत तर कंपनी हात वर करते, आणि त्यात तिची चूकही नाही. विद्यापीठाच्या परीक्षेचे फॉर्म, नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या कंपनीने दिलेला लॅपटॉप, तेही यातच धरा. कंपनीच्या लॅपटॉपवर तर विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही.

नुसतं बघायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीन आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, खोटा कॉम्प्युटर. विंडोज होममध्ये त्यासाठीची हायपर-व्ही ही सोय मिळत नाही, पण व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे आणि त्याच्या ७.० आवृत्तीपासून विंडोज ११ ला लागणारं टीपीएमही (सुरक्षेची चिप) त्यात करता येतं. लिनक्सची बीटा तर पेनड्राइव्हवरून थेट चालवता येते, डिस्कला धक्का न लावता. त्यातच वायफाय, आवाज, स्क्रीनचा ब्राइटनेस आणि झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं तपासून घ्या.

लाइट आणि ऊन

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, कूलर-एसी एकदम सुरू झाले की लाइट लपकते, आणि मृगाआधीच्या वादळात तर विचारूच नका. डेस्कटॉपवाल्यांनी घरच्या इन्व्हर्टरवर विसंबण्याआधी त्याचं मागचं बटण बघावं. अनेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असतो. तो बंद असेल तर लाइट गेल्याक्षणी पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. फर्मवेअर अपडेट चालू असताना असं झालं तर मदरबोर्डच जाऊ शकतो. पहाटे किंवा रात्री उशिरा बसा, लॅपटॉप चार्जरला लावा. आणि तो थंड राहावा म्हणून कूलरच्या ऐन तोंडाशी ठेवू नका, तिथून हवेसोबत पाणीही येतं.

अडकलंच तर

टक्केवारी एका आकड्यावर थबकली की लगेच पॉवर बटण दाबायचं नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर दोन तास द्या. इन्स्टॉलेशन परतून मागे आलं आणि कोड सी१९००१०१ पासून सुरू होत असेल तर संशय ड्रायव्हरवर. बाहेरचा अँटिव्हायरस, व्हीपीएन, जुनी यूएसबी उपकरणं काढून पुन्हा करा. सी१९००२०८ आला तर एखादं न जुळणारं सॉफ्टवेअर आडवं आलंय. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे साधन लॉग वाचून बऱ्याचदा नेमकं कारण सांगतं.

विंडोज सुरूच होत नसेल तर बूट होताना दोन-तीनदा पॉवर बटणाने बंद करा, रिपेअरचा पडदा येईल. तिथून शेवटचं अपडेट काढता येतं. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर बंद असताना पॉवर बटण दाबून धरलं की रिकव्हरी उघडते. इनसायडर बिल्डमध्ये मशीन कोसळलं तर पडदा हिरवा येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. त्यावरचा स्टॉप कोड मोबाइलने टिपून घ्या. मशीन परत आलं की फीडबॅक हबमध्ये (तक्रार कळवायच्या विंडोजच्या ॲपमध्ये) तो कोड, बिल्ड नंबर आणि त्याआधी तुम्ही काय करत होतात ते क्रमाने लिहा. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहिलेलं कोणी वाचत नाही.