ब्रॉयलरच्या आतड्यातले जिवाणू: आधी कप्पे मोजा, मग पक्षी

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोषण विषय घेतलेल्या, इंदूरहून रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. प्रोबायोटिक (खाद्यातून द्यायचे उपयोगी जिवाणू) काय, सीकम (आतड्याच्या शेवटाकडची पिशवी) कुठे, हे तुम्हाला येतं असं धरलंय.

प्रोबायोटिकच्या खाद्यप्रयोगाचा थिसिस अडकतो तो एकाच जागी. नमुने पक्ष्यांवर मोजायचे नसतात, कप्प्यांवर, म्हणजे शेडमधल्या जाळीने वेगळ्या केलेल्या खणांवर, मोजायचे असतात.

कोंबडी फक्त फीडरमध्ये चोच घालत नाही. ती लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) उकरते, त्यातली विष्ठाही खाते. त्यामुळे एका कप्प्यातल्या बारा पिल्लांच्या सीकममधले जिवाणू एकमेकांसारखे होत जातात. आता एका कप्प्यात कंट्रोल (प्रोबायोटिक नसलेलं साधं खाद्य), दुसऱ्यात प्रोबायोटिक, दोन्हींतून दहा-दहा पक्षी कापले आणि फरक दिसला, तर तो खाद्याचा की पाण्याच्या गळक्या निपलखालच्या ओल्या लिटरचा? कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगू शकत नाही. दहा पक्षी कापले तरी नमुना एकच झाला. पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारा आकडा) सुंदर येईल आणि तरीही चुकीची असेल. 'एका कप्प्यात पन्नास पिल्लं टाक, होऊन जाईल' असं सांगणाऱ्या गाइडशी नम्रपणे, पण वाद घालाच.

त्यापेक्षा असं करा. तीन खाद्यं, प्रत्येकाचे आठ कप्पे, कप्प्यात १२ पिल्लं, म्हणजे एकूण २८८. शेडचे आठ पट्टे पाडा: दाराजवळचा, पंख्याखालचा, उन्हाच्या भिंतीचा. प्रत्येक पट्ट्यात तिन्ही खाद्यांचा एकेक कप्पा येऊ द्या. कुठला कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटी कप्प्यामागे दोन पक्षी घ्या आणि दोघांच्या सीकममधला माल मिसळून एकच ट्यूब भरा. प्रत्येक खाद्याच्या आठ ट्यूब झाल्या, की तेच तुमचे खरे आठ नमुने. घाबरू नका, वाटतं तेवढं काम वाढत नाही. फक्त पार्टिशनच्या जाळ्या जास्त लागतात.

दुसरी गळती बुटांतून. बॅसिलस या प्रोबायोटिक जिवाणूचे बीजाणू चिवट असतात. बूट, खुरपं, खाद्याचा मग यांवर बसून कंट्रोलमध्ये पोचतात. रोज कंट्रोलचे कप्पे आधी, प्रोबायोटिकचे शेवटी. प्रत्येक खाद्याचा मग आणि खुरपं वेगळं. लिटर सगळीकडे नवं, एकाच गाडीतलं.

तयार खाद्याचं पोतं उघडून त्यात पावडर मिसळू नका. त्यात कॉक्सिडियाचं (आतड्यातल्या परजीवीचं) औषध असू शकतं, आणि सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ग्रॅम-पॉझिटिव्ह (जाड भिंतीच्या) जिवाणूंनाही दाबतं, आणि बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस त्यातलेच. मग तुमचं प्रोबायोटिक काय करतंय ते दिसणारच नाही. खाद्य स्वतः बनवा. माळव्यात सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) मुबलक, पण प्रत्येक लॉटचं भाजणं सारखं नसतं. कच्च्या सोयातला ट्रिप्सिन-रोधक प्रथिनं पचू देत नाही. न पचलेलं प्रथिन खाली उतरलं की क्लॉस्ट्रिडियम या रोगकारक जिवाणूचं फावतं. पूर्ण प्रयोगाचा डीओसी एकाच लॉटचा घ्या, सोया नीट भाजलाय का ते सांगणाऱ्या युरिएज टेस्टमध्ये पीएचची वाढ ०.०५ ते ०.२० असावी.

प्रोबायोटिकची पावडर मिसळताना थेट मिक्सरमध्ये ओतू नका. टनाला ५०० ग्रॅम डोस असेल तर १०० किलोला ५० ग्रॅम लागतात. ते आधी अर्धा किलो भरडलेल्या मक्यात, मग पाच किलोत, मग बाकीच्यात. पावडरीत ग्रॅमला १०⁹ सीएफयू (प्लेटवर वाढू शकणारे जिवंत जिवाणू) असतील, तर खाद्यात ग्रॅमला ५ × १०⁵ यायला हवेत. प्लेटवर मोजून बघा, लेबलवर भरवसा ठेवू नका. खाद्याच्या पेलेट (वाफ देऊन दाबलेल्या गोळ्या) करणार असाल तर लॅक्टोबॅसिलस वाफेत मरतो, बॅसिलसचे बीजाणू बहुतेक तगतात. पाण्यातून देणार असाल तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. त्यासाठी एक लिटर पाण्याला अडीच ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर पुरते.

मे महिन्यात प्रयोग नको. चाळिशीपारच्या उन्हात पक्षी खाणं कमी करतात आणि उष्णतेनेच आतड्यातले जिवाणू बदलतात.

नमुने घेताना आधी सगळं कंट्रोल, मग सगळं प्रोबायोटिक असं करू नका. पट्ट्यापट्ट्याने पुढे जा, नाहीतर वेळेचा फरक खाद्याच्या नावावर जाईल. ट्यूब लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, मग −८० अंश सेल्सियसला. डीएनए काढताना बीड-बीटिंग (बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून जिवाणू फोडणं) टाळू नका. ग्रॅम-पॉझिटिव्हची जाड भिंत त्याशिवाय नीट फुटत नाही आणि नेमके तुमचे लॅक्टोबॅसिलसच कमी दिसतात. प्रत्येक बॅचमध्ये एक रिकामी ट्यूबही चालवा, म्हणजे बाहेरून मिसळलेला डीएनए कळेल. नावं क्रायो-मार्करनेच, झाकणावर आणि बाजूला दोन्हीकडे. साध्या पेनची शाई स्पिरिटचा हात लागला की पुसली जाते.