जलरंगात चित्र अर्धवट सोडता? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मध्यावर आलेलं चित्र फाडणं. जलरंगात प्रत्येक चित्राला एक कुरूप टप्पा येतोच. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, वाळलेला असतो, लांबचे डोंगर लागलेले असतात, पण गडद रंग पडायचे असतात. त्यामुळे सगळं धुवट दिसतं. ते चित्र फसलेलं नसतं, अपुरं असतं.

वाईच्या घाटावर आमच्या गटात एक मुलगा होता, हात फार चांगला. ढोल्या गणपतीसमोर बसला. नदीचा वॉश अर्धवट ओला असतानाच त्यात पाण्याने भरलेला ब्रश घातला. पाण्याने रंग ढकलला आणि कोबीच्या फुलासारखा डाग उठला. लगेच कागद टराटरा फाडला. पुढच्या कागदावर पुन्हा तीच घाई, पुन्हा तोच डाग. दुपारी इतरांकडे बरीवाईट पूर्ण चित्रं होती आणि त्याच्याकडे नुसती आकाशं. घाटाच्या काळ्या पायऱ्यांपर्यंत, त्यांच्या सावल्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही. अशाने फक्त सुरुवातीचा सराव होतो. चित्र कुठे थांबवायचं, हे कळणार कधी?

म्हणून माझा हट्ट आहे: बिघडलेलं चित्रही शेवटच्या सावलीपर्यंत न्यायचं, मागे तारीख टाकायची आणि मगच काय ते ठरवायचं.

वॉश वाळलाय का, हे पालथ्या हाताने बघा. चमक गेली तरी कागद गार लागत असेल, तर तो अजून ओला आहे. हेअर ड्रायर मला मुळीच पटत नाही. वाळेपर्यंतचा वेळ समोरचं दृश्य बघण्यासाठीच असतो.

महागडा कॉटन पेपर ‘चांगल्या चित्रासाठी’ राखून ठेवू नका. स्वस्त कागदावर वॉश वेगळा वागतो, तो सराव चांगल्या कागदावर पुरा पडत नाही.

रोज नवा विषय शोधणं ही दुसरी पळवाट. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथलं कोटितीर्थ तळं पुन्हापुन्हा रंगवलं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९२ ते १८९४ या काळात रूआँ शहरातल्या एकाच कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं केली. आणि आपल्याला समोरचं झाड दुसऱ्याच दिवशी जुनं वाटतं!

दहा मिनिटांत निसर्गचित्र शिकवणारे व्हिडिओ बंद करा.

मूड नसेल तर निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून राखाडीच्या पट्ट्या काढा. त्याला मूड लागत नाही, आणि पावसाळी आकाशाला याच छटा लागतात.